व्हॉल्व्हच्या भोकाशेजारचा ठसा: अमेरिकन मसल कारची मूळ चाके कशी ओळखावीत

आपला प्रश्न असा आहे: ओहायोमधील एका मालकाकडून १९६९ ची शेव्हरोले कॅमेरो झेड/२८, म्हणजे कॅमेरोची वेगवान आवृत्ती, घेण्याचे आपले जवळजवळ ठरले आहे. गाडीवर चार रॅली चाके, म्हणजे शेव्हरोलेची पाच खाचांची पोलादी चाके, आहेत, मालक ती कारखान्यातूनच गाडीबरोबर आलेली आहेत असे सांगून त्यांची किंमत वेगळी धरतो आहे, आणि सोबत आलेल्या आपल्या मित्राला मात्र ती पुढच्या काळातील कॉर्व्हेटची वाटतात. दोघांपैकी खरे कोणाचे, आणि इतर मसल कारच्या, म्हणजे त्या काळच्या जोरदार इंजिनांच्या अमेरिकन गाड्यांच्या, चाकांचीही अशी पारख कशी करावी, हे आपल्याला हवे आहे. मी गेली पंचवीसहून अधिक वर्षे मिशिगनमध्ये या काळातील गाड्या उघडून पुन्हा उभ्या करण्याचे काम करतो आहे, आणि या प्रश्नावर माझे पहिले सांगणे असे की लांबून पाहून मालकालाही ते सांगता येणार नाही आणि मित्रालाही नाही. रॅली चाकाचा पाच खाचांचा चेहरा वर्षानुवर्षे जवळपास तसाच राहिला. चेहऱ्यावरून चाकाचे घराणे कळते, पण वर्ष आणि रुंदी चाकावर ठोकलेल्या ठशांतूनच कळते.

त्याआधी ‘मूळ’ या शब्दाचा अर्थ विक्रेत्याकडून स्पष्ट करून घ्यावा, कारण या व्यवहारातील बहुतेक वाद त्या एका शब्दात असतात. एखादे चाक त्या मॉडेलला कारखाना देत असे त्याच प्रकारचे असू शकते. त्याच प्रकारचे असून त्याच्यावरची तारीखही गाडीच्या बांधणीच्या तारखेशी जुळणारी असू शकते. किंवा ते खरोखर त्याच गाडीवर कारखान्यात चढवलेले असू शकते. पहिल्या दोन गोष्टी चाक तपासून सिद्ध होतात. तिसरी गोष्ट चाकावरून कधीच सिद्ध होत नाही, कारण चाकावर गाडीचा क्रमांक नसतो. त्यासाठी पहिल्या मालकापासूनची कागदपत्रे किंवा जुने फोटो लागतात. विक्रेता तिसऱ्या अर्थाचा भाव मागत असेल आणि पुरावा पहिल्या अर्थाचा दाखवत असेल, तर तेवढ्यावर पैसे देऊ नयेत.

आता ठशांकडे वळू. शेव्हरोलेच्या रॅली चाकावर हे ठसे पुढच्या बाजूला, हवा भरण्याच्या व्हॉल्व्हच्या भोकाच्या दोन्ही अंगांना असतात आणि रिमच्या कडेवर बसवलेली चकचकीत ट्रिम रिंग त्यांना झाकून टाकते. म्हणून रिंग काढल्याशिवाय पाहणी झाली असे समजू नये. रिंग लाकडी पाचर घालून हळूहळू उचलावी, पत्र्याला पेचकसाने बाक आणू नये. खालचा मळ डिग्रीजर आणि नायलॉनच्या ब्रशने काढावा. तारेचा ब्रश किंवा सँडपेपर वापरू नये, कारण ठसा उथळ असेल तर त्यानेच तो पुसट होतो. मग टॉर्च अगदी आडवी धरावी. समोरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारे आकडे तिरप्या उजेडात सावलीने उठून दिसतात.

भोकाच्या एका अंगाला दोन अक्षरांचा संकेत असतो आणि तो चाकाचा आकार व उपयोग सांगतो. दुसऱ्या अंगाला तारीख असते. ‘के १ ९ ३ १२’ असे दिसले, तर ‘के’ म्हणजे केल्सी-हेज ही चाके बनवणारी कंपनी, ‘१’ म्हणजे शेव्हरोले विभाग, ‘९’ हा वर्षाचा शेवटचा आकडा, ‘३’ म्हणजे मार्च आणि ‘१२’ ही तारीख. आपल्या १९६९ च्या झेड/२८ ला १५ इंच व्यासाची आणि ७ इंच रुंदीची रॅली चाके येत, आणि त्यांच्याशी जोडलेला सर्वांत परिचित संकेत ‘वायएच’ आहे. १९६७ आणि १९६८ च्या झेड/२८ वर मात्र चाके १५ इंचीच असली तरी रुंदी ६ इंच होती, त्यामुळे आधीच्या वर्षाची चाके १९६९ च्या गाडीवर दिसली तर ती बसतील, पण योग्य ठरणार नाहीत.

आपल्या मित्राला जी शंका आली ती निराधार नाही. कॉर्व्हेटची आणि कॅमेरोची पाच बोल्टांची मांडणी एकच आहे, ४.७५ इंच म्हणजे १२०.६५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, आणि त्यामुळे कॉर्व्हेटची रॅली चाके कॅमेरोवर सरळ चढतात. कॉर्व्हेटच्या चाकांचे संकेत लक्षात ठेवायला सोपे आहेत: १९६७ च्या ६ इंच रुंदीच्या चाकावर ‘डीसी’, १९६८ च्या ७ इंची चाकावर ‘एजी’, आणि १९६९ पासून थेट १९८२ पर्यंतच्या ८ इंची चाकावर ‘एझेड’. यातला ‘एझेड’ सर्वांत जास्त फसवतो. वर्षाचा एकच आकडा ठोकलेला असल्यामुळे ‘एझेड’ चाकावरील ‘९’ म्हणजे १९६९ ही असू शकते आणि १९७९ ही. ‘०’ चा अर्थ १९७० किंवा १९८०, ‘२’ चा अर्थ १९७२ किंवा १९८२. विक्रेता चाकावरचा ९ दाखवून ‘हे पाहा, एकोणसत्तर’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत असतोच असे नाही. त्याला बहुधा दहा वर्षांचा हा घोळ माहीतच नसतो. पण आपल्या बाबतीत हा घोळ लगेच सुटतो. संकेत ‘एझेड’ निघाला तर वर्ष कोणतेही असो, ते चाक ८ इंची कॉर्व्हेटचे आहे आणि झेड/२८ चे मूळ चाक नव्हे.

तारीख जुळवताना गाडीच्या फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि प्रवाशांची जागा यांच्यामधल्या पत्र्यावर, ड्रायव्हरच्या बाजूला असलेली पत्र्याची छोटी पट्टी वाचावी. तिच्यावर बांधणीचा महिना दोन आकड्यांत आणि आठवडा एका अक्षरात असतो. ‘०४सी’ म्हणजे एप्रिलचा तिसरा आठवडा. अशा गाडीवर फेब्रुवारी किंवा मार्चच्या तारखेची चाके पटतात. मे महिन्याचे चाक एप्रिलमध्ये बांधलेल्या गाडीवर कारखान्यात बसलेच नसणार, मग ते कितीही सुंदर असो. गाडीच्या खूप आधीची, आठ-दहा महिन्यांपूर्वीची चाकेही मी संशयाने पाहतो, कारण चालू मागणीचा माल कारखान्यात इतका काळ पडून राहणे स्वाभाविक नाही. उलट दिशेची एक चूकही वारंवार होते. १९६९ च्या मॉडेलची बांधणी १९६८ च्या उन्हाळ्याअखेरीस सुरू झाली, म्हणून ऑक्टोबर १९६८ मध्ये बांधलेल्या गाडीच्या चाकांवर ‘८’ हाच आकडा बरोबर असतो, आणि केवळ ‘९ नाही’ म्हणून लोकांनी अशी खरी चाके विकून टाकलेली मी पाहिली आहेत. दुसऱ्या टोकाला, पुढचे मॉडेल लांबल्यामुळे १९६९ ची कॅमेरो नोव्हेंबर १९६९ पर्यंत बनत राहिली, तेव्हा वर्षाच्या उत्तरार्धातील तारखाही अशक्य नाहीत.

गाडी स्वतः खरी झेड/२८ आहे का, हेही याच पट्टीजवळ उभे असताना पाहून घ्यावे. कॅमेरो त्या वर्षी ओहायोतील नॉरवूड आणि कॅलिफोर्नियातील व्हॅन नाइस या दोन कारखान्यांत बनत होती. नॉरवूडच्या पट्टीवर डिसेंबर १९६८ पासून ‘एक्स३३’ किंवा ‘एक्स७७’ असा संकेत दिसला तर ती झेड/२८ म्हणून बांधलेली आहे. त्याआधीच्या नॉरवूड गाड्यांवर आणि व्हॅन नाइसच्या गाड्यांवर हा आधार नाही. तिथे इंजिनावरील ‘डीझेड’ हा संकेत आणि कागद यांच्यावर भर द्यावा लागतो. साध्या सहा सिलिंडरच्या गाडीवर खरी ‘वायएच’ चाके चढवून ती झेड/२८ म्हणून उभी करणे अवघड नाही, म्हणून चाकांवरून गाडी सिद्ध करण्याचा उलटा मार्ग कधीही धरू नये.

मोजमापाच्या दोन गोष्टी इथेच सांगतो, कारण त्या प्रत्येक कंपनीच्या चाकाला लागू पडतात. चाकाची रुंदी टायरची कड जिथे आत बसते त्या दोन बैठकांमध्ये मोजतात, बाहेरच्या ओठांवरून नाही. ओठांवरून टेप लावला तर ७ इंची चाक सुमारे ८ इंच भरते, आणि कित्येक जण एवढ्यावरून आपले चाक ८ इंची असल्याचे ठरवून टाकतात. दुसरी गोष्ट बोल्टांच्या वर्तुळाची. पाच बोल्टांत समोरासमोर भोके नसल्याने व्यास थेट मोजता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधील अंतर व्हर्नियरने घ्यावे. ते ७०.९ मिलिमीटर असेल तर वर्तुळ १२०.६५ चे, म्हणजे कॅमेरो, शेव्हेल, पॉन्टियॅक जीटीओ किंवा कॉर्व्हेटचे, ७४.६ असेल तर १२७ चे, म्हणजे जनरल मोटर्सच्या मोठ्या गाड्यांचे किंवा शेव्हरोले पिकअपचे, ६७.२ असेल तर ११४.३ चे, म्हणजे फोर्डचे किंवा क्रायस्लरच्या मध्यम गाड्यांचे. पिकअपवरील रॅली चाके दिसायला इतकी सारखी असतात की केवळ या पावणेचार मिलिमीटरच्या फरकाने ती ओळखावी लागतात. ती कॅमेरोच्या स्टडवर, म्हणजे चाक धरणाऱ्या आटेदार दांड्यांवर, ओढूनताणून बसवू नयेत. नट तिरका बसतो, स्टड वाकतो आणि चाक वेगात सुटू शकते.

चाकाच्या मधल्या टोप्यांवर मी फार विसंबत नाही, कारण त्या काही सेकंदांत बदलता येतात, तरी त्यांच्यातून दिशा मिळते. १९६७ मध्ये कॅमेरोला रॅली चाके पुढच्या डिस्क ब्रेकच्या पर्यायाबरोबरच मिळत, आणि म्हणून त्या काळच्या टोपीवर ‘डिस्क ब्रेक’ अशी अक्षरे असत. १९६९ च्या टोपीवर ‘शेव्हरोले मोटर डिव्हिजन’ असे लिहिलेले असते. आपल्या गाडीवर पहिल्या प्रकारच्या टोप्या असतील तर कोणीतरी वेगवेगळ्या वर्षांचे सुटे भाग एकत्र केले आहेत एवढे नक्की समजावे.

पॉन्टियॅक या जनरल मोटर्सच्याच दुसऱ्या विभागाच्या बाबतीत पारख करणाऱ्याला कागदांचा मोठा आधार मिळतो. पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस ही संस्था १९६१ पासूनच्या गाड्यांच्या कारखान्यातील नोंदींच्या प्रती देते, आणि त्यात ‘एन९८’ असा पर्याय दिसला तर गाडीला रॅली टू चाके होती हे निश्चित होते. १९६७ मध्ये आलेली ही पाच दांड्यांची पोलादी चाके जीटीओची ओळखच बनली. त्यांच्याविषयी एक बारकावा मला फार जवळचा आहे. १९६९ च्या जीटीओ जज या खास आवृत्तीवर रॅली टू चाके ट्रिम रिंगशिवाय येत होती. आज रस्त्यावर दिसणाऱ्या निम्म्या जजवर कोणीतरी हौसेने रिंगा चढवलेल्या असतात, आणि चार खरी चाके असूनही गाडी कारखान्यातून निघाली तशी राहत नाही. उघडी, करडी-रुपेरी चाके पाहून ‘रिंगा हरवल्या’ असे समजून खरेदीदार भाव पाडतो, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते.

१९७१ चे हनीकोम्ब चाक वेगळ्याच जातीचे आहे. विल्यम पोर्टर यांनी रेखाटलेला हा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा चेहरा पोलादी चाकावर ओतलेल्या युरेथेनचा आहे, पण तो ओतीव धातूचा वाटतो. मागून पाहिले की साधे पोलादी चाक दिसते आणि पुढचा भाग नखाने टिचकी मारल्यावर धातूसारखा वाजत नाही. त्याचा पर्याय संकेत ‘पी०५’. या चाकांना वाळूच्या माऱ्याखाली कधीही देऊ नये, चेहराच उडून जातो. आठ बोल्टांची, ॲल्युमिनियमच्या पंखेदार ड्रमवर रिम अडकवलेली पॉन्टियॅकची चाके १९६० ते १९६८ या काळात मोठ्या गाड्यांवर आली. जीटीओवर ती कारखान्याने कधीच दिली नाहीत, तेव्हा तशी दिसली तर ती नंतरची करामत आहे.

फोर्डकडे वळताना मॅग्नम ५०० या नावाचा गोंधळ आधी मिटवला पाहिजे. ही पाच दांड्यांची चाके मिशिगनमधील लॅन्सिंगची मोटर व्हील कंपनी बनवत होती, आणि ती एकट्या फोर्डची नव्हती. क्रायस्लर आणि एएमसी (अमेरिकन मोटर्स) यांनीही ती आपापल्या गाड्यांना दिली. फोर्ड मस्टँग आणि क्रायस्लरच्या मध्यम गाड्या यांचे बोल्टांचे वर्तुळ ११४.३ मिलिमीटरचेच असल्याने डॉजची मॅग्नम मस्टँगवर चढते आणि पाहणारा फसतो. मस्टँगच्या आवृत्त्यांपैकी १९६९ च्या बॉस ३०२ ला १५ इंची, ७ इंच रुंदीची मॅग्नम होती, तर त्याच वर्षीच्या माक वनला १४ इंची, ६ इंच रुंदीची क्रोम केलेली पोलादी चाके होती. आधीच्या मस्टँगमध्ये फरक अधिक नाजूक आहे: १९६५ चे १४ इंची, ५ इंच रुंदीचे स्टाइल्ड स्टील चाक संपूर्ण क्रोमचे होते, आणि १९६६ मध्ये रिम रंगवलेली, तिच्यावर ट्रिम रिंग आणि फक्त मधला भाग क्रोमचा, अशी रचना झाली. ही चाके व्ही-८ गाड्यांसाठीच होती. सहा सिलिंडरच्या मस्टँगला चारच बोल्ट असत, हे लक्षात ठेवले तर मूळची सहा सिलिंडरची गाडी व्ही-८ करून विकणारा कधीकधी सापडतो.

फोर्डच्या भागांवरील क्रमांकही वाचायला शिकावे. ‘सी९झेड’ अशी सुरुवात असेल तर ‘सी’ म्हणजे साठचे दशक, ‘९’ म्हणजे १९६९ आणि ‘झेड’ म्हणजे मस्टँग. चाकाचा मूळ क्रमांक नेहमी १००७ असतो. दशकाचे अक्षर असल्यामुळे शेव्हरोलेसारखा दहा वर्षांचा घोळ इथे होत नाही. क्रमांकातील वर्ष मात्र त्या भागाच्या आराखड्याचे असते, बनवल्याच्या दिवसाचे नव्हे, आणि हाच आराखडा पुढे दोन-तीन वर्षे चालत असे. १९६७ पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी ऑटो वर्क्स फोर्डच्या उत्पादन नोंदींवरून अहवाल देते, आणि त्यात चाकांचा पर्याय नोंदलेला असतो. मस्टँगवरून बनवलेल्या शेल्बी गाड्यांसाठी मी वेगळे सांगेन, पण एवढे इथे पुरे: १९६५ च्या जीटी३५० वर मूळ चाक रंगवलेले साधे १५ इंची पोलादी होते आणि क्रॅगरने बनवलेले पाच दांड्यांचे ॲल्युमिनियमचे चाक हा पर्याय होता, म्हणून साधी चाके दिसली की कोणीतरी मूळ काढून टाकली असा तर्क करू नये.

क्रायस्लरच्या गाड्यांत सर्वांत दुर्मीळ गोष्ट म्हणजे १९६९ चे ‘डब्ल्यू२३’ चाक. केल्सी-हेजने बनवलेले हे ओतीव ॲल्युमिनियमचे १४ इंची चाक चार्जर, रोड रनर आणि तशा गाड्यांना मिळणार होते, पण नट घट्ट राहत नसल्याचे दिसताच कंपनीने ती परत मागवली. म्हणून त्यांना आजही ‘परत बोलावलेली चाके’ या अर्थाच्या नावाने ओळखतात. गाडीच्या फेंडरवरील पट्टीत ‘डब्ल्यू२३’ असूनही गाडीवर दुसरीच चाके असतील तर त्यात संशयाचे काही नाही. उलट तेच अपेक्षित आहे. आणि कोणाकडे ही चाके खरोखर असतील तर ती प्रदर्शनात ठेवावीत, महामार्गावर चालवू नयेत. ज्या दोषामुळे ती परत गेली तो वयाने कमी होत नाही.

१९७० पासूनची क्रायस्लरची ‘रॅली’ चाके शेव्हरोलेच्या रॅलीशी नावापलीकडे काहीही संबंधित नाहीत. इंग्रजी लिखाणात त्यांच्या नावाला शेवटी एक अक्षर जास्त असते. १९७० च्या प्लिमथ एएआर कूडा या गाडीवर ती १५ इंची, ७ इंच रुंदीची होती आणि टायर पुढे ई६०, मागे जी६० असे वेगवेगळे होते. डार्ट, व्हॅलियंट अशा लहान गाड्यांचे वर्तुळ त्या काळी १०१.६ मिलिमीटरचे होते, तेव्हा डार्टवर ११४.३ ची चाके दिसली तर ब्रेक आणि हबही बदलले आहेत असे समजावे. साठच्या दशकातील क्रायस्लरची डाव्या बाजूची चाके उतरवताना एक सावधगिरी घ्यावी: तिथे स्टडना उलटे आटे असतात. पान्हा नेहमीच्या दिशेने जोर लावून फिरवला तर नट सुटण्याऐवजी स्टड तुटतो, आणि नेमकी हीच चूक घाईत होते.

रंगाविषयी माझे मत थोडे कठोर आहे. त्या काळी कारखान्यात ही चाके रंगवली जात, पावडर कोटिंग होत नसे. पावडरचा जाड थर ठशाच्या कडा गिळून टाकतो. काही वर्षांपूर्वी मी स्वतः चार ‘वायएच’ चाके घेतली. तीन उत्तम निघाली. चौथ्यावर एका दुकानाने वाळूचा मारा करून, खड्डे पुट्टीने भरून, वर पावडर चढवली होती, आणि ठशाच्या जागी सपाट, गुळगुळीत पत्रा होता. तो थर काढल्यावर खाली ठसा सापडला, पण तोपर्यंत एका स्टडच्या भोकाभोवती केसाएवढी चीर दिसली, जी त्या थराखाली लपली होती. ते चाक मी पुन्हा गाडीवर चढवले नाही. म्हणून ताज्या रंगाची चाके घेताना स्टडच्या भोकांच्या कडा आणि मधला भाग रिमला जोडलेली रेषा डाय पेनेट्रंटने, म्हणजे चिरेत शिरून ती दाखवणाऱ्या रंगद्रवाने, तपासून घ्यावी. नवा ठसा ठोकून जुने चाक ‘खरे’ करण्याचे प्रकारही होतात. खऱ्या ठशाच्या खोबणीत आजूबाजूच्या पत्र्याइतकाच जुना गंज आणि खड्डे असतात, तर नव्या ठशाच्या आतला धातू स्वच्छ असतो आणि कडेला तो किंचित उचललेला जाणवतो.

आता आपल्या व्यवहारापुरते. मालकाला पाचही चाकांचे, म्हणजे स्टेपनीसकट, ट्रिम रिंग काढून व्हॉल्व्हच्या भोकाजवळचे फोटो तिरप्या उजेडात काढून पाठवायला सांगावे, आणि सोबत फायरवॉलवरील पट्टीचा फोटो मागावा. पर्यायी चाकांच्या गाडीतही स्टेपनी अनेकदा साधी पोलादी असे, त्यामुळे ती वेगळी निघाली तर दचकू नये. चौघांवर ‘वायएच’ आणि गाडीआधीच्या काही आठवड्यांतील तारखा निघाल्या, तर ती त्या काळाशी जुळणारी चाके म्हणून चांगली किंमत द्यायला हरकत नाही. तारखा चारही चाकांवर तंतोतंत एकच असण्याची गरज नाही. एखाद्यावर ‘एझेड’ निघाले तर आपल्या मित्राचे बरोबर होते, आणि त्या चाकाची किंमत कॉर्व्हेटच्या चाकाच्या भावाने धरावी. मालक रिंगा काढायलाच तयार नसेल, तर चाकांची वेगळी किंमत देऊ नये आणि गाडीचा भाव साध्या चाकांवर उभी असल्यासारखा ठरवावा.